कानसेनचं बोट

राग कानसेनच्या नाकावर कायमचाच होता. गेल्या वर्षभरात तर त्याने तिथे संसारच मांडला होता. जग तोंडातल्या तोंडात बोलायला लागलंय, हे त्याचं पहिलं गाऱ्हाणं. गिऱ्हाइकं पुटपुटायची. बायको आतल्या खोलीतून काहीतरी बोलून मोकळी व्हायची. टीव्हीवरची माणसं नुसते ओठ हलवायचा पगार घ्यायची. घराच्या दारावरची बेल त्याने दोनदा बदलली आणि नवी बेलही आठवडाभरात बंद पडली, असं त्याचं म्हणणं.

"वाजते की ती," बायको म्हणायची.

"वाजते तर मी दार का उघडत नाही?" तो विचारायचा.

याला उत्तर होतं, पण त्याच्यासमोर ते द्यायला वाघाचं काळीज लागलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण तिच्या ओठांपर्यंत यायची आणि ती मुकाट्याने गिळायची.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं आणि यंत्र उघडण्याआधी तो ते ऐकायचा, म्हणून रस्त्यावरच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पडदा उजळायच्या आधी आतला मुख्य बोर्ड स्वतःची तपासणी करतो. काही बिघडलेलं सापडलं तर शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून शिट्ट्या मारतो. लांब, आखूड, मध्ये थांबून पुन्हा. मेमरीची पट्टी नीट बसली नसेल तर एक सूर, पडद्याचं कार्ड हललं असेल तर दुसरा. इतरांना हे पुस्तकात बघावं लागायचं, कानसेनला सगळं तोंडपाठ.

त्याच्या दुकानात एक रिवाज होता. बटण दाबण्याआधी तो पंखा बंद करायचा आणि उजव्या हाताचं बोट वर धरायचा. बोट वर गेलं की कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पिशवीची खसफससुद्धा करायची नाही. एकदा एका गिऱ्हाइकाला शिंक आली तर त्याने बिचाऱ्याला बाहेर जाऊन शिंकायला लावलं होतं. मग बटण, मग शांतता, आणि शेवटी बोट खाली यायचं ते निदान घेऊनच. लोक ते बघायला मुद्दाम थांबायचे. घरी जाऊन सांगायचे, हातही लावला नाही हो, नुसतं ऐकलं आणि सांगितलं.

"आधी कान, मग हात" हे त्याचं तत्त्व. यंत्र उघडून प्रत्येक भाग उपसायचा, एकेक परत लावून बघायचा, याला तो दुरुस्ती म्हणतच नसे. ते हमालाचं काम. आणि शिट्टी आलीच नाही तर? पंखे फिरतायत, दिवा लागलाय, वीजपुरवठा मोजून ठीक आहे, पण आवाज नाही? मग बोर्ड मेला. ज्याचं नुसतं मेमरीवाचून अडलंय तो बोंबलतो, जो बोंबलत नाही तो गेलेला, इतकं ते सोपं होतं. त्याच्या हिशेबात तरी.

त्याची बायको दुकानात समोरच्या टेबलाशी बसायची. यंत्रं घ्यायची, चिठ्ठ्या चिकटवायची, लोकांना गप्पांत गुंतवायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे कानसेनचा मेहुणा, याच दुकानात काम शिकला. त्याची पद्धत वेगळी होती. तो सगळं उपसायचा, मेमरीच्या पट्टीचे पितळी दात खोडरबराने पुसायचा, एकेक भाग लावून बघत बसायचा. कानसेनने एकदा भरल्या दुकानात म्हटलं, "याला कान नाहीत, नुसते हात आहेत. आंधळ्यासारखा चाचपडतो." मेहुण्याने हातातला पेचकस पुसला, खणात ठेवला आणि निघून गेला. मग रस्त्याच्या पलीकडेच त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ती मधल्या मध्ये दोघांची खुशाली दोघांना सांगत राहिली, कुणी विचारलेली नसताना.

त्या दिवशी सकाळी दुकानात नेहमीची मंडळी होती. शिकवणीचे मास्तर आपला प्रिंटर घ्यायला आले होते, औषधवाला उगाच गप्पा मारायला आला होता. तेवढ्यात घरांचे नकाशे काढणाऱ्या बाई आत आल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा मेलाय ना?" त्यांनी विचारलं.

कानसेनने बोर्ड उलटसुलट करून बघितला. बाईंचाच होता. काही महिन्यांपूर्वी त्याने ऐकला होता, आवाज नव्हता, म्हणून त्याने नवा बसवून दिला होता. जुना त्यांनी मागून घेतला होता.

"मेलाय," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"माझ्या भाचीने जुन्या भागांतून एक यंत्र जोडायला घेतलं. तिने हा तुमच्या मेहुण्यांकडे दाखवला. त्यांनी मेमरीच्या खाचा साफ केल्या, पट्टी परत दाबून बसवली आणि हा मेलेला उठून बसला. काल संध्याकाळपासून आज काढून आणेपर्यंत चालत होता." बाई शांतपणे बोलत होत्या, पण त्यांच्या मानेची शीर फुगली होती. "धडधाकट बोर्डाला मेलेला म्हणायचं आणि आपल्या कपाटातला नवा गळ्यात मारायचा. किती वर्षं चाललंय हे?"

कानसेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मूर्ख म्हटलेलं चाललं असतं. तिरसट, विक्षिप्त, हे तर लोक रोजच म्हणत. पण चोर? या रस्त्यावर असं एकच दुकान होतं जिथे माणूस यंत्र ठेवून निर्धास्त घरी जायचा. बाकी त्याने आयुष्यात काही कमावलं नव्हतं. ना बंगला, ना गाडी, ना गोड स्वभाव. कमावला होता तो एवढा एक शब्द, कानसेन सांगतो ते खरं. आणि या बाई तो शब्द रद्दीच्या कागदात गुंडाळून घेऊन आल्या होत्या.

"मी स्वतः ऐकला तो बोर्ड," तो म्हणाला. "पंखा बंद करून ऐकला. चकार शब्द काढला नाही त्याने."

"मग मेहुण्यांकडे कसा बोलला?"

"तो बोर्ड बदलून देत असेल. त्याला माझं दुकान बुडवायचंच आहे."

तो हे बोलला तेव्हा बायकोने मान खाली घातली, ते त्याने बघितलं. पण राग आलेल्या माणसाला दिसतं सगळं, कळत काही नाही.

मास्तरांनी घसा खाकरला. "माझाही बोर्ड तुम्ही बदलला होता," ते म्हणाले. आरोप करायच्या सुरात नव्हे, सहज आठवल्यासारखे. पण त्यानंतर औषधवाल्यानेही कपाळावर हात फिरवला, कारण त्याच्याही यंत्राचा बोर्ड याच वर्षी मेला होता. दुकानात कुणी काही बोललं नाही. ती शांतता कानसेनला बरोबर ऐकू आली.

"बोलवा त्याला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. मेमरी काढून बोर्ड चालू करायचा. जिवंत असेल तर मेमरीसाठी रडेल, लहान मुलालाही कळेल. नाही रडला, तर या बाईंनी इथेच माफी मागायची."

बायको उठली. "अहो, राहू द्या ना," ती म्हणाली. "बोर्ड मी घरी नेते, संध्याकाळी दोघं बसून बघा."

"तू मध्ये पडू नकोस. भावाची बाजू घ्यायची असेल तर त्याच्या दुकानात जाऊन बस."

ती गेली. भावाच्या दुकानात बसायला नव्हे, त्याला बोलवायला.

मेहुणा आला तो चेहऱ्यावर कसलाही आनंद न दाखवता. इतक्या दिवसांनी या दुकानाची पायरी चढला होता. येताना आपल्याकडचा प्रोसेसर आणि तो शेंगदाण्याएवढा स्पीकर घेऊन आला होता. "भाऊजी, उगाच कशाला," एवढंच म्हणाला. कानसेनने टेबल मोकळं केलं. रबराच्या चटईवर बोर्ड मांडला. मेहुण्याने प्रोसेसर बसवला, कानसेनने वीजपुरवठ्याच्या तारा लावल्या, स्पीकर दोन टोकांवर खोचला. मेमरीची जागा रिकामी ठेवली आणि ती रिकामी आहे हे बाईंना वाकून बघायला लावलं. हातांना बोलाचाली नसते. दोघांचे हात जुन्या सवयीने एकमेकांना न अडखळता काम करत होते आणि बायको दूर उभी राहून ते बघत होती.

कानसेनने पंखा बंद केला आणि बोट वर धरलं.

मास्तर जागच्या जागी थिजले. औषधवाल्याने तोंडातली लवंग चावायची थांबवली. सुट्या बोर्डाला बटण नसतं, म्हणून कानसेनने पेचकसाचं टोक बोर्डावरच्या दोन सुयांना टेकवलं. प्रोसेसरवरचा छोटा पंखा गरगरला. दिवा लागला. कानसेन डोळे मिटून उभा राहिला.

पंख्याची घरघर होती. बाहेरून एक जड गाडी गेली, तिचे हादरे होते. बाकी काही नव्हतं. त्याने लोकांना हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ दिला. कुणी नंतर म्हणायला नको, घाई केली. मग डोळे उघडले आणि बाईंकडे वळला.

"ऐका," तो म्हणाला. "ऐका ही शांतता. कुठे रडतोय? सांगा ना, कुठे आहे आवाज? आता कोण चोर, बोला."

त्याला वाटलं, वरमले सगळे. अजून बोट वर होतं. ते त्याने बाईंकडे रोखलं, मग मेहुण्याकडे. "याला विचारा. माझ्या हाताखाली शिकला आणि माझ्याच नावाला काळं फासतो. अरे, मेलेल्याला मेलेला म्हणायला धाडस लागतं. तुझ्यासारखे हात सगळ्यांनाच असतात."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कुणीही बोर्डाकडे बघत नाहीये. सगळे त्याच्याकडे बघतायत. मास्तरांच्या तोंडावर जे होतं ते वरमणं नव्हतं. त्याने खूप वर्षांपूर्वी, आपल्या म्हाताऱ्या बापाने एकाच घासाला दोनदा मीठ मागितलं तेव्हा, आरशात आपल्याच तोंडावर ते बघितलं होतं. औषधवाला तर खाली बघत होता.

बोर्ड बोंबलत होता. लांब शिट्टी, थांबायचं, परत लांब शिट्टी. तो बोलत होता तितका वेळ, त्याच्या प्रत्येक वाक्याच्या मधून, बोर्ड जिवाच्या आकांताने बोंबलत होता, आणि ते दुकानातल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं.

मेहुणाच आधी हलला. त्याने स्पीकरवर हात ठेवला. "तार ढिली आहे, भाऊजी," तो म्हणाला, नको तितक्या मोठ्याने. "कधीकधी लागतच नाही. परत बघू आपण."

"ढिली कशी?" बाई म्हणाल्या. "मघापासून केकाटतोय. नाटक करतायत का हे? सगळ्यांच्या देखत?"

आता कानसेनला दोन दारं उघडी होती. मेहुण्याने उघडलेलं दार सोयीचं होतं. तार ढिली म्हणायचं, हसायचं, बोर्डाची भरपाई करून द्यायची आणि बाई गेल्या की दुकानाला कुलूप लावायचं. चार लोक म्हणाले असते, चोर तो चोर वर शिरजोर. दुसऱ्या दारातून गेलं तर कानसेन हे नावच उरत नव्हतं. बहिऱ्या कानसेनकडे कोण यंत्र आणील?

त्याला राग आला. बाईंचा आलाच, त्यांच्या मानेवरच्या शिरेचा आला. घरच्या बेलचा आला, ती बिचारी दोनदा उगाच कचऱ्यात गेली. सगळ्यात जास्त राग आला मेहुण्याच्या त्या हाताचा. स्पीकरवर अलगद ठेवलेल्या, त्याची लाज झाकणाऱ्या हाताचा. ज्याला भर दुकानात आंधळा म्हटलं, तो आज भर दुकानात त्याच्यासाठी खोटं बोलत होता.

"हात काढ," तो म्हणाला.

मेहुण्याने हात काढला.

"तार ढिली नाही. मला ऐकू येत नाही." हे तो सांगत नव्हता, भांडत होता. "जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत. हा येत नाही. आत्ता वाजतोय?"

"वाजतोय," मास्तर म्हणाले.

"मला नाही येत. बाई, त्या दिवशी तुमचाही आला नसेल. मास्तर, तुमचाही. औषधवाले, तुमचाही. मी नवा बोर्ड टाकायचो, टाकताना मेमरी काढून परत बसवायचो, यंत्र चालायचं. मग मला शंका कशाला येईल? चांगलं यंत्र सुरू होताना एक बारकी टिक करतं, ती मला आली की नाही हे पडदा उजळल्यावर कोण बघतं?" तो बाईंकडे वळला. "मी चोर नाही. बहिरा आहे. यातलं काय ते नीट लक्षात ठेवा आणि बाहेर जाऊन तेच सांगा."

बाईंच्या मानेची शीर उतरली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"आणि कीव करू नका," तो म्हणाला. "बोर्ड तुमचा चांगला आहे, घेऊन जा. नवा टाकलाय त्याचं मी बघतो."

त्या गेल्या. त्यांच्या मागोमाग औषधवाला निघाला, जाताना दार इतक्या हळू ओढून घेतलं की जणू आत कुणी आजारी आहे. मास्तर मात्र आपला प्रिंटर मांडीवर घेऊन बसून राहिले. मेहुणा उभा राहिला, कारण त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. वर्षभरात मेलेले बोर्ड कानसेन तिथे उभे करून ठेवायचा, त्यांचे सुटे भाग कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. प्रत्येकावर बायकोच्या अक्षरात गिऱ्हाइकाची चिठ्ठी. त्याने ती अख्खी फळीच भिंतीवरून उचलली आणि टेबलावर आणून आदळली. धूळ उडाली.

"प्रोसेसर दे," तो मेहुण्याला म्हणाला.

पहिला बोर्ड मास्तरांचा निघाला. त्याने तो चटईवर ठेवला, मेहुण्याने प्रोसेसर बसवला, तारा लागल्या. कानसेनचं बोट सवयीने वर गेलं आणि अर्ध्या वाटेत थांबलं. ते आता कशासाठी वर करायचं, हे त्यालाच कळेना. त्याने ते खाली घेतलं, मूठ केली आणि बायकोकडे बघितलं.

"इकडे ये."

ती आली. त्याने पेचकस सुयांना टेकवला.

"बोल."

"वाजतोय," ती म्हणाली. "एक लांब. थांबला. परत एक लांब."

"मास्तर, तुमचा बोर्ड चांगला आहे."

दुसरा बोर्ड. "वाजतोय." तिसरा. ती वाकून ऐकत राहिली, मग तिने मान हलवली. "नाही. हा खरंच गप्प आहे." कानसेनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग एका मेलेल्या बोर्डाने आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला चीड आली. चौथा वाजला. पाचवा वाजला. ती नुसतं "वाजतोय" म्हणायची आणि प्रत्येक वेळी त्याच्या कानशिलात बसल्यासारखं व्हायचं. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. नवी गोष्ट ऐकणारं माणूस असं बोलत नाही. ती आठवून आठवून सांगितल्यासारखी सांगत होती.

त्याने पेचकस खाली ठेवला.

"तू इथेच बसतेस," तो म्हणाला. "रोज. या टेबलाशी. तुला हे तेव्हाही ऐकू येत होतं."

तिने समोरच्या बोर्डावरची चिठ्ठी बोटाने दाबून बसवली.

"येत होतं की नाही?"

"येत होतं."

"वर्षभर?" त्याचा आवाज चढला. मेहुणा पुढे झाला, पण तिने त्याला नजरेनेच थांबवलं. "वर्षभर मी जिवंत बोर्डांना मेलेले म्हणत होतो, आणि तू चिठ्ठ्या चिकटवत होतीस? एवढं माझं नाव धुळीला मिळेपर्यंत तुझी जीभ काय झडली होती? एकदा, एकदा तरी बोलायचं होतंस."

"बोलले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्याच बोर्डाच्या वेळी. हा मास्तरांचा. मी म्हटलं, अहो, वाजला ना तो. तुम्ही बोट वर धरलेलं होतं. तुम्ही म्हणालात, माझे कान तू मला शिकवू नकोस. सगळे हसले. मास्तर, तुम्हीही होतात."

मास्तरांनी प्रिंटरवरची नजर उचलली नाही. मान मात्र हलवली.

कानसेनला तो दिवस आठवला. ती काय म्हणाली होती ते आठवलं, आपण काय म्हणालो तेही. लोक हसले म्हणून आपल्याला किती बरं वाटलं होतं, तेसुद्धा.

"बोर्डाचा आवाज तुम्हाला आला नव्हता," ती म्हणाली. "माझा आला होता."

तिने फळीवरचा पुढचा बोर्ड उचलला, त्यावरची चिठ्ठी वाचली आणि चटईवर ठेवला. मेहुण्याने प्रोसेसर बसवला. एक तार कानसेनने लावली, दुसरी तिनेच लावली. मग त्याने पेचकस सुयांना टेकवला आणि ती काय म्हणते याची वाट बघत उभा राहिला.